मसुदा मागे राहतो

१

शुद्धलेखन माझं कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा. शब्दही साधेच आहेत, मला तेवढेच येतात. नववीत शाळा सुटली. वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की शब्द घशात अडकायचे आणि पोरं हसायची. कॉम्प्युटर हसत नाही. म्हणून हबीबभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागलो आणि रिकाम्या वेळात मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत कोड लिहायला शिकलो.

सध्या मी रिसोडला इंद्रभान काकांच्या वधू-वर सूचक केंद्रात आहे. खाली बियाण्यांचं दुकान, वर आमची खोली. एक कूलर, एक कॉम्प्युटर, आणि भिंतीवर जमलेल्या जोडप्यांचे फोटो. आसपासच्या गावांतली स्थळं आमच्या वेबसाइटवर असतात.

पूर्वी बायोडाटा भरला की लगेच सगळ्यांना दिसायचा आणि तो काढायचा कोणाच्या लक्षात राहायचं नाही. एकदा जऊळक्याचा एक जावई जिना चढून आला. त्याच्या बायकोच्या कडेवर लेकरू होतं, आणि तिला बघायला येतो म्हणून अजून लोकांचे फोन येत होते. तो टेबलावर हात आपटून गेला. तो गेल्यावर काका म्हणाले, "लखन, याचा काई तरी बंदोबस्त कर बाप्पा. नाई त लोकं मले जोड्यानं हाणतीन."

म्हणून मी प्लगिन बसवलं. प्लगिन म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला कोडचा तुकडा, आपण आपल्या कोडला जोडायचा. त्याने प्रत्येक स्थळाला एक अवस्था मिळाली. मसुदा, प्रसिद्ध आणि जमलं. मसुदा फक्त मला दिसतो, कारण चावी, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे. प्रसिद्ध केलं की त्याची एक प्रत लोकांसमोर जाते आणि मसुदा मागे तसाच राहतो, पुढच्या दुरुस्तीसाठी. जमलं केलं की मागचा मसुदा कायमचा पुसला जातो. हा शेवटचा नियम प्लगिनमध्ये नव्हता. जागा वाचावी म्हणून काकांनी सांगितला आणि मी घातला.

त्या स्थळांमध्ये माझी बहीण निकिता पण होती.

२

निकिताचा बायोडाटा मीच टाइप केला होता. बाबा आणि काका मागे उभे राहून सांगत होते.

"उंची?" मी विचारलं.

"चार-अकरा," बाबा म्हणाले.

"पाच-तीन लिही," काका म्हणाले. "पोरगा काय टेप घेऊन येते का मोजाले?"

"काका, ती..."

"अबे, बायोडाटा म्हणजे का पंचनामा होय? थोडी पॉलिश मारावीच लागते. सारेच मारतात. समोरचाही मारूनच येते, मंग दोघं बरोबर होतात."

असं करत करत निकिता पाच फूट तीन झाली, गोरी झाली, बी.ए. झाली. खरं म्हणजे ती बारावीत एकदा नापास झाली आणि मग शिवणाच्या मागे लागली. स्वभावापुढे मी 'शांत, मनमिळाऊ' लिहिलं. स्टुडिओवाल्याने फोटो उजळला आणि भुवईतला व्रण पुसला. लहानपणी हापशीचा दांडा लागला होता तिला, तिथे केस येत नाहीत. आणि ती डावरी आहे, हे कुठल्याच रकान्यात आलं नाही.

आमच्या घरात मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे. गल्लीतल्या सगळ्या बायांचे ब्लाउज तिच्याकडे. डाव्या हाताने कात्री चालवते ती, आणि कापड कापायचा आवाज घरभर येतो. कर्र, कर्र, मग थांबते, मग कर्र.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती मला म्हणाली, "दादा, तुह्या कॉम्प्युटरमधून मले काढून टाक न."

"काहून?"

"मले आता लग्न नाई करायचं. बसस्टँडपाशी गाळा पाह्यला म्या. दोन वर्षं दे म्हटलं त बाबा आयकून नाई राह्यले."

"पुसलं तर बाबा मारतीन मले."

"मंग लपवून ठेव. कोणाले दिसलं नाई म्हंजे झालं."

हे मला सोपं होतं. मी मोबाइल काढला आणि तिच्या समोरच तिचं स्थळ 'मसुदा' केलं. ती हसली आणि माझ्या डोक्यात टपली मारून मशीनवर जाऊन बसली.

३

रात्री जेवायला बसलो तर आईने तीन ताटं घेतली.

निकिता पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उभी राहिली. आईने भाकर वाढली, बाबांनी मिरची मागितली. निकिताने स्वतःचं ताट आणलं, स्वतः वाढून घेतलं. कोणी तिच्याकडे बघितलं नाही.

"आईले समजलं वाटते," ती माझ्या कानाशी म्हणाली. "फुगली माह्यावर."

मलाही तसंच वाटलं. आमची आई रागावली की अबोला धरते, ते काही नवीन नाही. पण ती रागावली की भांडी आपटते. त्या दिवशी भांडी आपटली नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या जमनाबाई ब्लाउज न्यायला आल्या, मशीनपर्यंत गेल्या, निकिताच्या अंगावरून हात पुढे करून घडीचा ब्लाउज उचलला आणि आईला म्हणाल्या, "किती सुंदर शिवला वो. कोणाकडून शिवता तुमी?"

आईने आठवत आठवत शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हाय एक जण."

निकिता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आई तिच्यावर नाराज आहे, दुसरं काय. माणूस इतकं ओढूनताणून कारण शोधतो तेव्हा त्याला आतून माहीत असतं. पण मी कारण सोडलं नाही.

४

पाहुण्यांची तारीख आधीच ठरलेली होती. बाबांनी ती मोडली नाही आणि आम्हाला बोलायला तोंड नव्हतं. जवळच्या मालेगावचे लोक, मुलगा कृषी सहायक. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. भर दुपारी आले, बैठकीत कूलरसमोर बसले. बाबा बाजार समितीत अडत्याकडे काम करतात, त्यांना पाहुण्यांसमोर बोलायची सवय नाही. ते सारखे टॉवेलने मान पुसत होते.

निकिता चिडलेली होती, पण साडी नेसली. "पोहे खाऊन जातीन, अन् म्या नाई म्हणून सांगीन," ती म्हणाली. पोहे झाले. मग ती चहाचा ट्रे घेऊन आत गेली. मी दारात उभा होतो.

मुलाने खाली बघत कप उचलला. त्याच्या वडिलांनी उचलला. मामाने उचलला, फुर्रकन घोट घेतला. बघायला आलेले लोक मुलीच्या तोंडाकडे एकदम बघत नाहीत, तशी रीत आहे. त्यामुळे मला काही वाटलं नाही.

कप रिकामे होऊन ट्रेमध्ये परत आले. निकिता ट्रे दोन्ही हातांत धरून त्यांच्या समोर उभी होती.

मामा म्हणाले, "चहा झाला. बोलवा आता पोट्टीले."

कूलर घरघरत होता. निकिताने हसायचा प्रयत्न केला. बाबांनी आतल्या दाराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "अवो, आन न निकिताले!"

आई स्वयंपाकघरातून आली, मागच्या खोलीत गेली, तिथून परत आली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला धरणी फाटावी वाटली. घरात पाहुणे आहेत आणि तिची पोरगी घरात नाही, असा तो चेहरा होता. तिने मला हळूच विचारलं, "लखन, कुठी गेली रे हे? तुले सांगून गेली का?"

आई निकिताला घासून गेली तेव्हा निकिताच्या हातातला ट्रे हलला. त्यावरची एक कपबशी वाजली. मुलाच्या वडिलांनी कूलरकडे बघितलं, वाऱ्याने वाजली असेल म्हणून.

मी अंगणात पळालो. मोबाइल उघडला. उन्हात स्क्रीन दिसेना, हाताची सावली धरली. तिचं स्थळ काढलं आणि 'प्रसिद्ध' दाबलं.

आतून आईचा आवाज आला, एकदम मोकळा. "हे पाहा, आली! तयार होऊन राह्यली होती बिचारी."

मग खुर्ची सरकली. मग एक मुलगी म्हणाली, "नमस्कार. माझं नाव निकिता. मी बी.ए. केलं आहे."

माझ्या पाठीमागे ट्रे वाजला. मी वळलो. निकिता माझ्या मागे अंगणात आली होती, अनवाणी, तापलेल्या फरशीवर. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दादा," ती म्हणाली, "आतमधी कोण हाय?"

५

मालेगावच्यांनी जाताना होकार दिला. येत्या रविवारी साखरपुडा, काका त्याच वेळी त्यांच्या मोबाइलवरून 'जमलं' करणार. तेवढं एक बटण मी त्यांना दिलं होतं, त्यांना ते स्वतः दाबायला आवडतं.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. ऊन लागलं असेल. पावडर जास्त लावली असेल, टाचेची चप्पल घातली असेल. आमच्या घरात जी वावरत होती ती निकितासारखीच होती. पण ती फळीवरचा साखरेचा डबा टाच न उचलता काढायची. उजव्या हाताने भाकर थापायची. कधी कोणाला टोमणा नाही, उलट उत्तर नाही. आई म्हणायची, "पाय, लग्न जमलं तशी कशी सुधरली पोट्टी." बाबा तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि त्यांच्या डोळ्यात पाणी यायचं. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

आणि दुपारी ती आईजवळ बसून गहू निवडत असायची तेव्हा मागच्या खोलीतून आवाज यायचा. कर्र, कर्र, थांबायचा, मग कर्र.

आईला तो ऐकू येत नसे.

पहिले काही दिवस मी आत जाऊन निकिताशी बोललो. ताट न्यायचो. ती जेवायची, रडायची, शिव्याही द्यायची, कॉम्प्युटरला आणि काकांना. मग तिचं जेवण कमी झालं. खोलीत उजेड असूनही ती मला नीट दिसेना, पडद्यामागे कोणी बसावं तशी दिसायची. शनिवारी दुपारी गेलो तर मशीनपाशी फक्त एक आकार होता आणि कात्री.

"दादा," आकार म्हणाला, "माह्या भुवईले लागलं होतं न लहानपणी?"

"हो. हापशीचा दांडा."

"कोणत्या बाजूले रे? म्या हात लावून पाह्यला. दोन्हीकडं गुळगुळीत लागून राह्यलं."

मलाही बाजू आठवेना.

दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता. काका 'जमलं' दाबणार, आणि मागचा मसुदा पुसला जाणार. नियम मीच लिहिला होता.

६

मसुदा खरा करायचा तर व्रणाची बाजू हवी होती, म्हणून मी तिचा मोबाइल घेऊन अंगणात बसलो. तिचे सगळे फोटो तिने स्वतःच काढलेले, आणि असे फोटो कधी उलटे निघतात, कधी सुलटे. काहींत व्रण एका बाजूला, काहींत दुसऱ्या. आईला विचारलं तर ती म्हणाली, "कसला व्रण? माह्या पोरीच्या तोंडावर डाग नाई एक." बाबांना विचारलं नाही. ते मांडववाल्याशी बोलत होते आणि हसत होते.

मनात हापशी उभी केली. दांडा कुठे होता, मी कुठे होतो, ती कळशी घेऊन कुठून आली. प्रत्येक वेळी ती वेगळ्या बाजूने यायची.

ऊन उतरलं तेव्हा माझ्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं. उंच, गोरी. हातात चहा होता, उजव्या हातात.

"दादा, तुम्ही उद्या काही बदल करणार आहात का?"

निकिताने मला आयुष्यात कधी तुम्ही म्हटलं नाही. मला तिच्याकडे बघता येईना. मी म्हटलं, "काहून?"

"माझ्यात काही चुकलं आहे का? मी तर तुम्ही लिहिली तशीच आहे."

तिचा आवाज कापत होता. मला वाटलं होतं मला तिची फक्त भीती वाटेल. मी चहा घेतला. त्यात साखर अगदी बरोबर होती. निकिता नेहमी जास्त टाकते.

"तुझी काही चूक नाही," मी म्हटलं. खरंच नव्हती. ती कप घेऊन आत गेली, आणि जाताना दाराच्या बुटक्या चौकटीखाली किंचित वाकली, जी चौकट आमच्या निकिताच्या डोक्यापासून चार बोटं उंच आहे.

७

रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठलो. बाहेर उजाडलं होतं, मांडवाचे बांबू अंगणात पडलेले. मी ओट्यावर बसून आधी कोडमधला तो नियम काढला, जमलं केल्यावर मसुदा पुसण्याचा. काकांना विचारलं नाही. मग निकिताचा मसुदा उघडला.

उंची चार फूट अकरा. रंग सावळा. शिक्षण बारावी नापास, शिवणकाम. डावरी. स्वभाव तापट, पण मनात काही ठेवत नाही. बोली वऱ्हाडी. चहात साखर जास्त. लग्नाआधी स्वतःचं दुकान टाकायचं आहे. प्रत्येक शब्द मी परत परत वाचला. माझी एक चूक आणि ती आयुष्यभर तशीच राहील. शेवटी भुवई आली. मी डोळे मिटले आणि तिला टपली मारताना आठवलं. ती मारते तेव्हा डाव्या हाताने मारते, आणि मान त्याच बाजूला अशी वाकडी करते की वर आलेल्या भुवईतला व्रण माझ्या समोर येतो. मी 'उजवी' लिहिलं. फोटोच्या जागी तिचा घामेजलेला, तोंडात सुई धरलेला फोटो लावला.

हे पाहुण्यांना दिसणार होतं. तासाभरात फोन येईल, बाबांचा चेहरा उतरेल, काका मला कामावरून काढतील. मी 'प्रसिद्ध' दाबलं.

घरात काहीच झालं नाही. एक चिमणी मांडवाच्या बांबूवर येऊन बसली.

मग स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मी दारापर्यंत गेलो. ती पाठमोरी होती. आईचा जुना गाउन अंगात, खाली लोळणारा. तिने फळीवरचा साखरेचा डबा काढायला टाचा उचलल्या, तरी बोटं पुरेनात, मग ओठातल्या ओठात एक शिवी दिली आणि पाटावर चढली. चहा गाळायला लागली. डाव्या हाताने.

"कायले उभा राह्यला खांबासारखा तिथी?" ती न वळता म्हणाली. "कप घे न."

मी कप घेतला. मी हसलो की रडलो, मला माहीत नाही. ती अजून वळली नव्हती, आणि तिने वळावं असं मला वाटत होतं आणि वळू नये असंही.

तेवढ्यात मागच्या खोलीत कात्री चालली. कर्र. थांबली. कर्र.

ती गाळत राहिली. तिला तो आवाज आला नाही, किंवा आला आणि तिने दाखवलं नाही.

मी म्हटलं, "निकिता, अजून एक कप गाळ."

"कोणाले?"

मी मागच्या खोलीकडे बघितलं. तिने खांदे उडवले आणि दुसरा कप भरला, साखर जास्त घालून. मी तो घेतला, बैठकीतून मागच्या खोलीपर्यंत गेलो, दार ढकललं नाही, कप उंबऱ्यावर ठेवला.

कात्री थांबली.